सात दिवस शिजवलेलं पत्र

तुम्ही तिला हाकललंत, आणि मग तिचंच पत्र छापलंत. नाव पुसून, तारीख खोडून, गुळगुळीत कागदावर, भोवती पानाफुलांची चौकट काढून. 'नवीन सहकाऱ्यांसाठी स्वागत-पुस्तिका', पान एकतीस, 'तक्रार कशी लिहावी : एक आदर्श नमुना'. लाज कशी वाटली नाही तुम्हाला? की वाचलंच नाहीत तुम्ही ते, तेव्हाही आणि आत्ताही?

हे झुलेइदे पांतोजा वरच्या साहेबांना मोठ्यानं बोलली नाही. छत्तीस वर्षांत त्या इमारतीत ती काहीच मोठ्यानं बोलली नव्हती. बेलेमच्या विद्यापीठात पाण्याचं रसायन शिकवणारी पहिली काळी बाई ती. पहिली म्हणून तिचा फोटो जिन्यात लावलेला आहे, आणि त्या जिन्यानं वर जाणारा प्रत्येक साहेब त्या फोटोकडे बघून स्वतःलाच शाबासकी देतो. सकाळी दहाला विभागाची कारकून क्रेउझा एक जाड पाकीट टेबलावर टाकून गेली होती. आत पाच पुस्तिका, 'उत्कृष्ट मार्गदर्शक' असं लिहिलेलं प्रमाणपत्र, आणि एक चिठ्ठी : नवे अध्यापक आल्देनोर सेर्रांव आजपासून आपल्याकडे सोपवले आहेत, दुपारी तीनला भेटतील. "अभिनंदन बाई!" क्रेउझा दारातूनच म्हणाली होती, "शुक्रवारी फोटो आहे वरच्यांबरोबर. निळा झगा घाला. त्या हिरव्यात तुम्ही अगदी पोपट दिसता." झुलेइदे हसली होती. पुस्तिका चाळायला घेतली ती नुसती कौतुकानं. आणि पान एकतीसवर तिचं बोट एका ओळीखाली थांबलं. 'सर्वांच्या सोयीच्या दृष्टीने पर्यायी व्यवस्थेचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.' हे वाक्य तिचं होतं. सही दुसरीची, वाक्य तिचं. अख्ख्या विद्यापीठात 'सर्वांच्या सोयीच्या दृष्टीने' असं लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. एक होता, तो मेला.

खिडकीखाली नदी ओहोटीला लागली होती, गढूळ, रुंद, कुणाचंच काही न ऐकणारी. आवारातल्या आंब्यावरून एक आंबा कुणाच्या तरी मोटारीच्या टपावर धाडकन पडला आणि झुलेइदे दचकली. आंबे पडणं हे या गावात रोजचंच, त्याला कुणी दचकत नाही. पण तिला वाटलं, मागे प्रयोगशाळेत स्टूल सरकलं. ते स्टूल चार वर्षं तिथंच होतं, पाणी तपासायच्या यंत्राच्या डावीकडे. एक पाय आखूड, बसलं की कुईं करायचं. त्यावर कुणी बसत नसे. बसू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण विद्यार्थी उभ्यानं काम करत, प्रयोगशाळा आता ज्यांच्या ताब्यात होती त्या वेंडलिंगसाहेबांनी स्वतःसाठी चाकांची खुर्ची आणलेली होती, आणि स्टूल आपलं तिथंच. कधी कधी दुपारी, पंखा बंद पडला की, तिथून आंदिरोबाच्या तेलाचा कडू वास येई. डासांसाठी हातापायाला चोळायचं गावठी तेल. विभागात आता ते कुणी लावत नव्हतं. एदिलामार लावायची.

एदिलामार आली तेव्हा बत्तीसची होती. तोकान्तिन्स नदीवर, मळ्यातून पळालेल्या गुलामांनी जंगलात वसवलेल्या एका गावातली. त्या गावातून शिकून वर आलेली पहिली पोरगी, आणि राखीव जागेवर अध्यापक झालेली विभागातली दुसरी. नव्या माणसाला पहिली तीन वर्षं कसोटीची. तेवढ्या काळासाठी एक जुना सहकारी त्याला सांभाळायला देतात, आणि तिसऱ्या वर्षी समिती गुण घालते : हजेरी, शिस्त, पुढाकार, उत्पादकता, जबाबदारी. रंगानं, गावानं, जातकुळीनं जे कुणी 'वेगळे' असतील ते सगळे झुलेइदेकडे. गोऱ्यांना मार्गदर्शक मिळत, काळ्यांना झुलेइदे मिळे. चौदा जण तिनं असे सांभाळले. पहिल्या दिवशी एदिलामारला तिनं जवळ बसवून तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगायची : अर्धा तास आधी ये. इस्त्री कर. वऱ्हांड्यात डबा उघडू नकोस. ओळखपत्र गळ्यात, पिशवीत नाही. आवाज चढवू नकोस, चढला तर पाणी पी. एदिलामारनं सगळं ऐकलं, आणि इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "बाई, तुम्ही मला नोकरी शिकवताय की लपाछपी?" दुसऱ्या दिवशी तिनं वऱ्हांड्यातच डबा उघडला : ताडासारख्या झाडाच्या फळांची जांभळी घट्ट आसाई, तळलेला मासा, वर कसावाच्या कंदाचा जाडा रवा. दक्षिणेतून आलेले वेंडलिंगसाहेब जाता जाता म्हणाले, आमच्याकडे आसाईत साखर आणि केळं घालतात, फार छान लागते. ती म्हणाली, "लागत असेल साहेब. लहान पोरांना गोडच आवडतं." साहेब हसले. ते हसू झुलेइदेला ओळखीचं होतं. छत्तीस वर्षांत तिनं ते अनेकदा पाहिलं होतं, आणि ते हसू नंतर काय करतं हेही.

झुलेइदेला हे सगळं कुणी शिकवलं होतं? आमान्सिओसरांनी. तो मेलेला एक तोच. सावळा, बारीक, पांढऱ्या सुती सुटातला माणूस. लोक त्याला 'गव्हाळ' म्हणत आणि तो म्हणू देई. झुलेइदे पंचवीसची असताना त्यानं तिला हाताशी धरलं. "पोरी," तो म्हणायचा, "आपल्या रंगाचा माणूस ओरडला की त्याचं म्हणणं ऐकू जात नाही, नुसतं ओरडणं ऐकू जातं." तिची पत्रं तो हिरव्या शाईनं दुरुस्त करी. लाल शाईनं अपमान होतो, निळी कारकुनाची, हिरवी म्हणजे माया, असं त्याचं शास्त्र. तिला बसायला खोली नव्हती, जिन्याखाली झाडू ठेवायच्या जागेत तिचं टेबल होतं. तिनं दोन पानं संतापानं लिहिली. त्यानं त्यातल्या ओळीमागून ओळी काढल्या आणि शेवटी पाच उरल्या. त्या पाच ओळींवर तिला अर्धी खोली आणि अर्धी खिडकी मिळाली! मग ती का विश्वास ठेवणार नाही? ज्या दोरीनं माणूस विहिरीतून वर आला तीच दोरी तो दुसऱ्याला टाकणार. आमान्सिओ गेला तेव्हा तुमच्यासारखाच कुणीतरी, तुमच्याच खुर्चीतला, शवपेटीपाशी उभा राहून म्हणाला होता : चाळीस वर्षांत या माणसानं एकदाही तक्रार केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. झुलेइदेनंही डोलावली. तेव्हा कळलं नाही. आज पान एकतीस उघडं ठेवून बसल्यावर कळलं, की ते कौतुक नव्हतंच. पावती होती ती. माल पोचल्याची.

ते पत्र. ऑक्टोबर होता, जत्रेचे दिवस, गावात घराघरात मानिसोबा शिजत होती. कसावाची पानं विषारी असतात. ती वाटून सात दिवस सात रात्री चुलीवर ठेवतात, तेव्हा विष उतरतं आणि काळं, तेलकट, जिभेवर विरघळणारं कालवण होतं. झुलेइदेच्या हातची मानिसोबा विभागात नावाजलेली. त्याच आठवड्यात एदिलामारनं तिच्या हातात दोन पानं ठेवली. गेल्या अकरा महिन्यांत मला माझ्याच प्रयोगशाळेतून सात वेळा बाहेर काढलं, असं त्यात होतं. तीनदा, सफाईवालीला यंत्राला हात लावू देऊ नका, असं म्हणून. म्हणणारा मला तेव्हाही ओळखत होता. माझ्या गावच्या पाण्याचे नमुने फडताळातून काढून मोरीत ओतले. ते पाणी माझ्या आईनं दोन दिवस होडीत मांडीवर धरून आणलं होतं. ओतणाऱ्याचं नाव मला माहीत आहे, तुम्हालाही आहे, आणि मी ते खाली लिहीत आहे. आणि खाली नाव होतं.

झुलेइदे ती पानं घरी घेऊन गेली. एका बाजूला चुलीवर पातेलं, दुसऱ्या बाजूला टेबलावर पत्र. रोज पानं ढवळायची आणि रोज एक वाक्य काढायचं. पहिल्या दिवशी नाव गेलं. दुसऱ्या दिवशी मोरी गेली. तिसऱ्या दिवशी सफाईवाली. आई गेली, होडी गेली, सातचं 'काही वेळा' झालं. 'काढलं'चं 'गैरसमज' झालं. तिला खरंच वाटत होतं की ती पोरीला वाचवते आहे. हात मायेनंच चालत होता, हे लिहून ठेवा. मायेनं केलेला खून तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. सातव्या दिवशी मानिसोबाचा डबा आणि पत्र, दोन्ही तिनं एदिलामारपुढे ठेवलं. एदिलामारनं आधी डबा खाल्ला, बोटं चाटली, आणि मग पाच ओळी वाचल्या.

"हे बी सात दिवस शिजवलंत वाटतं, बाई."

"अगं, असंच लिहावं लागतं. वरच्यांना असंच पचतं."

"पचेल ना. विषच ठेवलं नाहीत. पण कसावात विष का असतं माहितीये? माझी आजी सांगायची. रानडुकरांनी उपटून खाऊ नये म्हणून."

"मग नको करूस सही. तुझं तू पाठव."

एदिलामार आपल्या आखूड पायाच्या स्टुलावर नदीकडे वळली. स्टूल कुईं कुईं करत होतं. मग तिनं सही केली. "तुमच्यावर विश्वास आहे म्हणून करते," ती म्हणाली. "पत्रावर नाही."

अकराव्या दिवशी तुमचं उत्तर आलं. तुमची उत्तरं एरवी वर्ष वर्ष येत नाहीत, हे तेवढं अकरा दिवसांत आलं. आपण स्वतः पर्यायी व्यवस्थेची विनंती केल्यानुसार, आपणास प्रयोगशाळेच्या जबाबदारीतून सहर्ष मुक्त करण्यात येत आहे. सहर्ष! यंत्र वेंडलिंगकडे, आणि एदिलामार बोटीनं दहा तासांवरच्या शाखेत, संध्याकाळचे वर्ग घ्यायला, जिथं रसायन म्हणजे फळ्यावर खडूनं काढलेली बाटली. झुलेइदे तेव्हा म्हणाली होती, थोडा धीर धर, मी बोलते. ती बोलली. हळू आवाजात, योग्य वेळी, योग्य माणसाशी. तिसऱ्या वर्षी समिती बसली. हजेरी दहा, शिस्त दहा, जबाबदारी दहा. उत्पादकता तीन, कारण प्रयोगशाळेशिवाय प्रयोग कसले? तिघांच्या सह्या लागतात. दोघांच्या झाल्या होत्या, तिसरी मार्गदर्शक म्हणून झुलेइदेची. सही अडवली तर प्रकरण चिघळेल, त्यापेक्षा करू आणि मग अपील करू, असं झुलेइदेनं स्वतःला समजावलं आणि तिसरी सही केली. अपिलाची मुदत दहा दिवसांची होती. त्या दहा दिवसांत तिनं अपिलाचा मसुदा चार वेळा सौम्य केला. अकराव्या दिवशी त्या मसुद्याचा नुसता कागद झाला, आणि एदिलामारची नोकरी गेली.

एदिलामार सामान न्यायला आली तेव्हा एक पुठ्ठ्याचं खोकं पुरलं. भांडली नाही. झुलेइदेला वाटत होतं भांडावं, शिव्या द्याव्यात, निदान बाटली तरी फोडावी. दारात उभी राहून एदिलामार म्हणाली, "बाई, रागावले असते हो मी तुमच्यावर. पण राग तुम्ही काढून घेतलात ना." आणि गेली. मेली नाही. मेली असती तर मेणबत्ती लावता आली असती, सणावारी थडग्यावर फुलं ठेवता आली असती. ती जिवंत आहे, गावच्या शाळेत पोरांना शिकवते, आणि फोन केला की तिची आई उचलते आणि म्हणते, ती नदीवर आहे. चार वर्षं ती नदीवर आहे. आणि चार वर्षं झुलेइदे नदीसमोरच्या खिडकीत बसते आहे, आणि प्रत्येक होडीत पाठमोरी बसलेली बाई बघून तिचा पेला हातातच राहतो. जिवंत माणसाचं भूत मेलेल्याच्या भुतापेक्षा वाईट. त्याला उतारा नाही.

तीनच्या आधी अर्धा तास दार वाजलं. आल्देनोर सेर्रांव. माराजो बेटावरचा, एकतीस-बत्तीसचा, काळाभोर, शर्टाला कडक इस्त्री, ओळखपत्र गळ्यात. झुलेइदेनं काही सांगायच्या आधीच सगळं शिकून आलेला. पुस्तिका त्याच्या हातात होती आणि पान एकतीसला बोटाची खूण होती.

"बस रे. पाणी घेतोस?"

"नको बाई. उगाच तसदी." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "बाई, एक छोटंसं होतं. मोठं काही नाही. पुस्तिकेतला नमुना फार छान आहे, त्यावरूनच लिहिलंय. आपण एकदा नजर टाकावी."

तिनं कागद घेतला. 'प्रवेशद्वारावरील काही गैरसमजांच्या संदर्भात, सर्वांच्या सोयीच्या दृष्टीने पर्यायी व्यवस्थेचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.' सवयीनं तिचा हात खणात गेला आणि हिरवं पेन बाहेर आलं. पेन कागदावर धरून ती थांबली. खोडण्यासारखं काही नव्हतं. एकही शब्द नाही. पोरगा शिजून आला होता. आता आमान्सिओची गरज नव्हती, झुलेइदेची नव्हती, चुलीची नव्हती; तुम्ही छापखानाच काढला होता. मागे स्टूल कुईं वाजलं. तिनं वळून पाहिलं नाही.

"काय झालं ते सांग," ती म्हणाली.

"लिहिलंय ना बाई. गैरसमज."

"कागद ठेव बाजूला. तोंडानं सांग. तुझ्या मित्राला सांगतोस तसं."

त्यानं दाराकडे पाहिलं. मग इस्त्रीच्या बाहीकडे. "रुजू झाल्यापासून फाटकावरचा पहारेकरी आठवड्यातून तीनदा अडवतो. म्हणतो, सामान पोचवणाऱ्यांनी मागच्या दारानं. कार्ड दाखवलं तर म्हणतो, कुणाचं आणलंस? सोमवारी त्यानं माझी पिशवी रस्त्यावर उलटी केली. उत्तरपत्रिका होत्या पोरांच्या. त्या मी गुडघ्यावर बसून गोळा केल्या. आणि बाई..." तो थांबला. "वर्गातली पोरं बघत होती. माझ्याच वर्गातली. मंगळवारपासून ती मला 'पार्सल' म्हणतात."

"आणि हे तू 'गैरसमज' म्हणून लिहिलंस."

"मग काय लिहू? घरी आईला सांगितलंय की सगळे मला डॉक्टरसाहेब म्हणतात."

झुलेइदे उठली. कपाटाच्या तळाशी, जुन्या परीक्षांच्या गठ्ठ्याखाली ती दोन पानं होती. टाकली का नव्हती, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. निळ्या अक्षरावर हिरव्या रेघा, दाट, शेवाळासारख्या. आल्देनोर वाचत गेला. हिरव्याखालचं निळं वाचायला त्याला पान उजेडाकडे धरावं लागलं. मोरीपाशी तो थांबला, होडीपाशी थांबला. मग पुस्तिका उघडून त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"ही कोण, बाई?"

"ही पान एकतीस."

"आणि हिरवं?"

"हिरवं मी."

 खुर्चीच्या कडेवरून तो पहिल्यांदाच नीट मागे टेकून बसला, आणि त्यानं तिच्याकडे असं पाहिलं जसं चार वर्षांपूर्वी कुणीतरी दारातून पाहायला हवं होतं. त्या नजरेनं तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. कुणीतरी एकदाचं रागावलं होतं.

टेबलावर तिची एकशे बारा पानांची आत्मकथा पडली होती. सर्वोच्च प्राध्यापकपदासाठी माणसाला आपलं आयुष्य लिहून समितीपुढे वाचावं लागतं, अशी इथली रीत. पुढच्या महिन्यात तिचं वाचन होतं, समिती तुम्ही नेमलेली. पान नव्वदवर एक ओळ होती : 'चौदा नवीन सहकाऱ्यांना यशस्वी मार्गदर्शन'. चौदा. एदिलामारलाही धरून. झुलेइदेनं कोरा कागद ओढला आणि निळ्या पेनानं लिहायला घेतलं. हाताला सवय नव्हती. 'कदाचित' लिहिलं, खोडलं. 'नम्र' लिहिलं, खोडलं. नऊ ओळी झाल्या तेव्हा त्या वाचून आल्देनोर म्हणाला, "बाई, हे दिलंत तर तुमचं पद गेलं. चौकशीही लागेल. त्या मूल्यमापनावर सही तुमची आहे."

"माझीच आहे."

"मग उपयोग काय?"

"ते त्यांना विचारायला चाललेय. तू तुझं लिही. मी हात लावणार नाही. एका शब्दालासुद्धा."

ती प्रयोगशाळेत गेली, वेंडलिंगसाहेबांच्या चाकांच्या खुर्चीला वळसा घालून, आणि ते आखूड पायाचं स्टूल उचलून काखेत मारलं. वऱ्हांड्यातून चालताना लोक बघत होते. खाली आवक-जावकच्या खिडकीत क्रेउझा नखं रंगवत बसली होती.

"अगोबाई, बसायला स्टूल बी घरचं आणलंत?"

"हे घे. शिक्का मार. दोन प्रतींवर, तारीख आणि वेळ घालून."

क्रेउझानं वाचलं. वाचता वाचता तिचं हसू उतरलं, आणि ओली नखं तशीच हवेत राहिली. "बाई," ती हळूच म्हणाली, "हे उद्या द्या ना. आज रात्री झोपा, उद्या जरा नीट लिहा. थोडं मऊ करून."

"सात दिवस मऊ केलं होतं गं मागच्या वेळी. मार शिक्का."

शिक्का बसला. तीन वाजून बावन्न मिनिटं. झुलेइदेनं खिडकीसमोर स्टूल ठेवलं आणि त्यावर बसली. ते मोठ्यानं कुईं वाजलं, अख्ख्या दालनानं वळून पाहिलं, आणि तिला आंदिरोबाच्या तेलाचा वास आला, यावेळी अगदी जवळून, स्वतःच्या हातांतून आल्यासारखा. ती उठली नाही. तिनं लिहिलेलं असं होतं :

'एदिलामार यांचं मूळ पत्र सोबत आहे. हिरवी शाई माझी. हिरव्याखालचं वाचा. त्यांच्या मूल्यमापनावरची तिसरी सही माझी आहे, ती मी परत घेते. शिक्षा द्यायची ती द्या. प्रमाणपत्र परत पाठवत आहे. आता माझे प्रश्न. तिच्या गावचं पाणी मोरीत कुणी ओतलं, हे तुम्हाला माहीत होतं की नाही? होतं, तर तिला का काढलंत? नव्हतं, तर अकरा दिवसांत उत्तर कसं दिलंत? पान एकतीस कुणाला विचारून छापलंत? आल्देनोर सेर्रांव उद्या सकाळी कुठल्या दारानं आत येणार आहे? मी खिडकीसमोर बसले आहे. मला तुमचं 'सहर्ष' नको, विचार चालू आहे हेही नको. नाव लिहा, सही करा, आणि उत्तर द्या.'